कढईचा किमान भार

कवठ या फळाला वर्षातून एकच दिवस समाजात स्थान असते. महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी सांगवीतली निम्मी घरे माझ्या फाटकाशी येतात, "सायब, कवठं हायती का?" असे विचारतात आणि मी "आहेत" असे सांगतो. त्यानंतर त्या झाडाकडे, आणि ओघानेच झाडाच्या मालकाकडे, पुढच्या महाशिवरात्रीपर्यंत कोणी वळून पाहत नाही. ही तक्रार नव्हे, निरीक्षण आहे. माझी नोकरी वालचंदनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत साखरेचे नमुने तपासण्यात गेली. निरीक्षण आणि तक्रार यांतला फरक मला पगारासाठी ओळखावा लागत असे.

झाडाला मात्र महाशिवरात्र होऊन गेल्याचे कळत नाही. फळे पुढेही पडतच राहतात. न्हाणीघराच्या पत्र्यावर कवठ पडले की दारावर थाप पडल्यासारखा आवाज येतो. सांगवीत राहायला आलो त्या पहिल्या वर्षी मी उठून दार उघडून पाहत असे. पुढे मी आवाजांचे वर्गीकरण केले.

निरीक्षणावरून गृहीतक मांडावे हा शास्त्राचा रिवाज आहे. माझे गृहीतक असे: माणसे येतात ती कवठासाठी; कवठ टिकत नाही म्हणून येणे टिकत नाही; सबब कवठ टिकवले तर येणेही टिकेल. कवठाच्या गरात पेक्टिन भरपूर असते. साखर आणि योग्य उष्णता मिळाली तर त्याची उत्तम जेली होते आणि ती बाटलीत वर्षभर राहते. घरी वर्षभर जेली असलेल्या माणसाकडे लोक वर्षभर येतील, या अनुमानात मला तेव्हा कोणतीही त्रुटी दिसली नाही.

स्वयंपाकघरात प्रयोग करून पाहिला. जेली झाली नाही, भांडे गेले. शिवाय शेजारचे बापूसाहेब कुंपणावरून डोकावले, ते वेगळेच. बापूसाहेबांचा आठ एकर ऊस आहे आणि कोणतेही काम आपण आधी विरोध केल्याशिवाय सिद्धीस जाऊ शकत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

"केमिस्ट, काय जाळलं?"

"कवठाची जेली करतो आहे."

"जेली? कवठाची चटनी अस्तीय. गूळ घालून. जेली कशाला?"

"टिकते."

"टिकवून काय करायचं? खायला कोन हाय?" एवढे बोलून बापूसाहेब थांबले, कारण मनाने ते वाईट नाहीत. मग त्यांनी विषय बदलण्यासाठी तीन सल्ले दिले. कवठे म्हशीला घालावीत. झाड तोडावे. किंवा इंदापूरच्या अलीकडे सरकारने नवे केंद्र काढले आहे, तिथे मोठमोठ्या कढया आहेत, तिकडे जावे. तिसरा सल्ला त्यांनी मी तो ऐकणार नाही या खात्रीने दिला होता.

सत्त्याण्णव सालच्या त्या मार्चमध्ये, महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली असता, मी दोन पिशव्या कवठे घेऊन बारामतीहून एस.टी.ने निघालो. ऊसवाहतूक चालू असल्याने रस्त्यावर बैलगाड्यांची रांग होती आणि बसचा वेग बैलांनी ठरवला. "ग्रामीण विकासासाठी सामायिक फळप्रक्रिया केंद्र" अशी पाटी असलेली ती इमारत माळावर एकटीच उभी होती. आत वाफेची कढई, गर काढायचे यंत्र, बाटल्या निर्जंतुक करायची टाकी, सारे स्वच्छ आणि अनाघ्रात. ज्या शेतकऱ्याला स्वतःचा कारखाना काढता येत नाही त्याने आपला माल आणावा, सामायिक यंत्रांवर त्याचे पदार्थ करून न्यावेत, ही कल्पना. कल्पनेत मला दोष काढता आला नाही, आणि दोष काढण्यात मी अगदीच कच्चा नाही.

व्यवस्थापक विजयसिंह कृषी पदवीधर होता. तरुण आणि आदबशीर. त्याने माझ्या पिशव्या पाहिल्या आणि मग माझ्या पाठीमागे दाराकडे पाहिले.

"बाकीचे मागनं येतायत का, साहेब?"

"बाकीचे कोणी नाहीत."

"म्हंजे तुमी एकटेच?"

"एकटाच."

"एकट्याचं हितं काम होत न्हाय," तो खेदाने म्हणाला. "कढईला किमान भार लागतो. वाफ सगळ्या बाजूंनी फिरते. कढई निम्मी तरी भरली न्हाय, तर कडेला माल करपतो."

हे शास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद होते. उष्णतेच्या नियमांवर मी जन्मभर विसंबलो. त्यांनी माझा वैयक्तिक अपमान करण्याची ही पहिलीच वेळ.

"आणि नियमानं गट लागतो. अकरा माणसं. अध्यक्ष, सचिव, ठराव." मग माझा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. "अवघड न्हाय, साहेब. घरातलीच नावं घालायची. सगळे तसंच करतात."

"घरातली धरूनच एकटा आहे," मी म्हणालो.

विजयसिंहाने मला चहा दिला. येताना मी दोन्ही पिशव्या तशाच परत आणल्या. ग्रामविकासाच्या अनेक व्याख्या मी वर्तमानपत्रांतून वाचल्या होत्या. मात्र एक माणूस दारात उभा राहिला असता, दुसरी दहा घेऊन ये, नाहीतर तू करपशील, असे सांगणारी योजना मी प्रथमच पाहत होतो.

गट करायचे ठरले. बातमी मी फक्त बापूसाहेबांना सांगितली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती गावात सर्वत्र झाली. गटाची सभा त्यांच्याच ओसरीवर भरली. अकरा माणसे हवी होती, सव्वीस आली. प्रत्येकाच्या बांधावर एखादे कवठ उभे होतेच. ज्यांच्या नव्हते त्यांनी पेरू, बोरे, पपई, चिंच यांचीही जेली करण्याचा आग्रह धरला. गेणबाने मेंढरांच्या दुधाचे काही होईल का असे विचारले. गेणबाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखली. त्याने ती विकून टेम्पो घेतला आहे, पण दूध हा विषय त्याच्या मनातून गेलेला नाही.

"तुझ्याकडं मेंढरं हायती का आता?" बापूसाहेबांनी विचारले.

"न्हायती. पर समजा असती तर?"

यावर चर्चा झाली. मग गटाच्या नावावर झाली. अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला तेव्हा मी नम्रतेने खाली पाहिले. कल्पना माझी, पेक्टिनची माहिती माझी, इंदापूरचा अपमान माझा. निवड बापूसाहेबांची झाली. या योजनेला त्यांचा विरोध होता, आणि अध्यक्ष केल्याशिवाय तो मावळणार नाही हे गावाला अनुभवाने ठाऊक होते.

"सायबाला सचीव करा," साखरबाई म्हणाल्या. साखरबाई भजनी मंडळाच्या प्रमुख, आणि त्यांचा शब्द भजनाबाहेरही चालतो. "लिवायला येतं. आन् घरी कोन हाय त्यांच्या? येळच येळ."

ठराव सर्वानुमते संमत झाला. बाईंच्या बोलण्यात कुजकेपणा अजिबात नव्हता. विधान मी तपासून पाहिले. ते सर्व अंगांनी अचूक होते, त्यामुळे आक्षेप नोंदवता आला नाही.

पुढचा आठवडा मात्र, सांगायला संकोच वाटतो, बरा गेला. कवठ पिकले की नाही हे ओळखण्याची आपल्याकडची पद्धत म्हणजे ते कठीण जमिनीवर सोडून पाहायचे. उडाले तर कच्चे, बद्द आवाज करून जागीच बसले तर पिकलेले. या पद्धतीत मला दोष आढळला नाही. कठीण जमीन म्हणजे माझ्या अंगणातली शहाबादी फरशी, असे गटाने परस्पर ठरवले. सकाळपासून बायका पाट्या घेऊन येत. प्रयोग प्रमाणित व्हावा म्हणून मी भिंतीवर खडूने उंचीची रेघ मारली. बापूसाहेब अध्यक्ष या नात्याने स्वतःच्या डोक्यावरून कवठे सोडत आणि ती फुटली की "पिकल्यालं हाय" असा निर्णय देत. साखरबाईंचे कवठ उडाले तर त्या म्हणत, "फरशीचा दोष हाय." गेणबाची चुलती, म्हाताऱ्या प्रयागबाई, फळ न टाकता नुसते कानाशी धरून हलवत आणि बाजूला ठेवत, कशावरून, असे विचारले तर नुसत्या हसत. मी त्यांच्या निकालांची फरशीशी तुलना केली. निम्मे बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जेवढे येतात तेवढेच.

त्या आठवड्यात मी बारामतीहून अर्धा डझन कप आणले. ही खरेदी प्रकल्पाच्या खर्चात धरलेली नाही.

ठरलेल्या दिवशी गेणबाच्या टेम्पोतून सारा गट इंदापूरला निघाला. टेम्पोला मेंढरांचा वास येत होता, वास्तविक त्यात मेंढरू कधी चढलेले नाही. मागे पोत्यांवर माणसे बसली. मीही मागे चढू लागलो तेव्हा एकच गलका झाला.

"सायब, तुमी म्होरं! म्होरं बसा!"

"मागे चालेल मला."

"छ्या! सायब मागं? लोक काय म्हंतील?"

तेव्हा मी पुढे गेणबाशेजारी बसलो. मानाची जागा, पुढची काच, खाली गादी. मागे निमगावपर्यंत हसणे चालले होते. कोणीतरी बापूसाहेबांची नक्कल करत होते, ती बहुधा उत्तम असावी, कारण सर्वांत मोठ्याने बापूसाहेबच हसत होते. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मी एकदा गेणबाला विचारले, "कशाला हसत आहेत?" तो म्हणाला, "काय म्हाईत, सायब," आणि आपल्याला पुढे बसावे लागल्याचे दुःख त्याने गियरवर काढले.

केंद्रावर पहिले भांडण साखरेवरून झाले. गटातले निम्मे लोक एका सहकारी कारखान्याचे सभासद, निम्मे दुसऱ्याचे. प्रत्येकाने सभासदांना मिळणारी साखर आणली होती. बापूसाहेबांचे म्हणणे, आपल्या सोमेश्वरच्या साखरेची गोडी वेगळी. साखरबाईंचे माहेर पलीकडच्या कारखान्याच्या हद्दीत. मी समजावले की साखर हा एक रासायनिक पदार्थ आहे, त्याचा रेणू कोणत्याही कारखान्याचा सभासद नसतो.

"तुमी कारखान्यात काम केलंय का कधी?" बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहून विचारले आणि मग त्यांना वालचंदनगर आठवले.

शेवटी दोन्ही साखरा समप्रमाणात घालाव्यात असा अध्यक्षीय तोडगा निघाला.

दुसरे भांडण कवठांवरून. आपापले कवठ वेगळे शिजवून आपापल्या बाटलीत मिळेल, अशी सर्वांची समजूत होती. "आमचं गोड हाय, सायब. तिच्यात मिसळलं तर तिचं सुदरंल, पर आमचं?" एका कढईत एकाच वेळी सव्वीस जेल्या होऊ शकत नाहीत हे सिद्ध करायला मला वीज जाऊन परत येईपर्यंतचा वेळ लागला. अखेर विजयसिंहाने सर्वांचा गर एकत्र ओतला. गर कढईच्या मध्याच्या बराच वर चढला. किमान भार साधला होता. मी थोडा वेळ नुसताच पाहत राहिलो.

यानंतर माझ्याकडून तांत्रिक चूक झाली. जेली कधी उतरवायची हे रसातल्या साखरेच्या प्रमाणावरून ठरते आणि ते मोजण्याचे माझे स्वतःचे उपकरण मी बरोबर नेले होते. ते पाहायला सगळे भोवती जमले. प्रयागबाईंनी विचारले, "ह्येच्यातनं काय दिसतं?" मी सांगू लागलो. प्रकाश कसा वाकतो, का वाकतो. माझ्या बोलण्याकडे एवढी माणसे एकाच वेळी लक्ष देत असल्याचा प्रसंग मला आठवत नव्हता, त्यामुळे मी प्रास्ताविक सविस्तर केले. मी पेक्टिनच्या रचनेपर्यंत आलो होतो तेव्हा विजयसिंह ओरडला. जेली उतरवण्याची वेळ पेक्टिनच्या बरीच आधी होऊन गेली होती.

बाटल्या भरल्या. थंड झाल्यावर बापूसाहेबांनी एक बाटली उघडून विजयसिंहाच्या डोक्यावर उलटी धरली. काही पडले नाही. त्यांनी ती हलवली. तरीही काही पडले नाही.

"सुरी लागनार," साखरबाई म्हणाल्या, पण समाधानाने. घट्टपणा हा आमच्याकडे अवगुण मानत नाहीत.

चव चांगली होती. हे मी निःपक्षपातीपणे सांगतो.

बाटल्या केंद्राच्या होत्या. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांचा तुटवडा असल्याने त्या गटाला वापरायला द्यायच्या, आणि आंब्याचा मोसम सुरू होण्याआधी गटाने परत करायच्या, अशी व्यवस्था होती. ताब्यात घेतल्याची सही सचिवाची. माझ्या झाडाची फळे सर्वांत जास्त, म्हणून माझ्या वाट्याला बाटल्याही सर्वांत जास्त आल्या. मी त्या घरोघर जाऊन वाटल्या. गटाबाहेरच्यांनाही दिल्या. प्रत्येक ठिकाणी सांगितले, "संपली की बाटली तेवढी परत द्या." प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळाले, "व्हय सायब, येतो की घिऊन." गृहीतकाची मांडणी पूर्ण झाली होती. आता निष्कर्षाची वाट पाहणे उरले.

मी वाट पाहिली. चैत्र गेला. कोणी आले नाही. वाटेत भेटल्यावर लोक जेलीची स्तुती करत, पोरांनी दोन दिवसांत संपवली असे सांगत, आणि बाटलीचा विषय निघाला की गडबडीने "येतो, येतो" म्हणून पुढे जात. साखरबाई तर मला पाहून एकदा गल्ली बदलून गेल्या. संपलेल्या जेलीची बाटली परत करायला एवढा वेळ का लागावा? मी कारणांची यादी केली आणि एकेक कारण खोडत गेलो. उरले ते एकच: लोकांना माझ्याकडे यायचे नव्हते. उरलेले कारण मान्य करावे लागते, मग ते आवडो वा न आवडो.

अशात विजयसिंहाचा निरोप आला. आंबा सुरू होतोय, बाटल्या पाठवा.

तेव्हा मी सूचना लिहिली. मला ती बरी साधली होती, असे त्या वेळी वाटले. पिठाच्या गिरणीच्या दारावर मी ती स्वतः चिकटवली:

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, जेलीच्या बाटल्या स्वच्छ धुऊन, पूर्णपणे रिकाम्या स्थितीत, सचिवाच्या फाटकालगतच्या कट्ट्यावर ठेवाव्यात. प्रत्यक्ष भेटण्याची आवश्यकता नाही. कळावे."

शेवटचे वाक्य मी सौजन्य म्हणून घातले होते. ज्यांना माझ्याकडे यायचे नाही त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये, एवढाच हेतू.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आलो तर कट्ट्यावर बाटल्यांची रांग लागली होती. सगळ्या धुतलेल्या. काही राखेने घासलेल्या. उन्हात त्या अशा चमकत होत्या की प्रयोगशाळेतसुद्धा एवढी स्वच्छ काच मी क्वचित पाहिली असेल. कडी वाजली नव्हती. फाटक उघडल्याचाही आवाज झाला नव्हता. दिवसभर अधूनमधून काच दगडावर टेकल्याचा बारीक आवाज येई, आणि मी दाराशी पोचेपर्यंत पाठमोरे लुगडे कोपऱ्यावरून वळलेले असे. सूचनेचे एवढे तंतोतंत पालन आमच्या गावात पूर्वी कधी झाले नव्हते.

संध्याकाळी बापूसाहेब कुंपणाशी आले. या वेळी ते डोकावले नाहीत. नीट उभे राहिले.

"केमिस्ट, ह्ये काय केलं तुमी?"

"काय केलं?"

"रिकामी म्हनून लिवलं?"

"रिकामीच हवी आहे केंद्राला."

"आवो केंद्राला हवी, पर बायका रिकामं भांडं देत्यात व्हय कुनाला? घरातनं आल्यालं भांडं परत देताना चिमूटभर का हुईना, काय तरी घालत्यात. साखरबाईनं तुमच्यासाठी काकवी भरून ठिवली व्हती. दुसरीच्या कुरडया वाळायच्या व्हत्या. कुनी तूप कडवायचं म्हनून थांबल्यालं. आमच्या घरात तुमच्या बाटलीत शेंगाची चटनी व्हती. काल गिरनीत नोटीस वाचली आन् सगळ्यांनी वतून काढलं. सायबाला आपल्या घरचं नगं, म्हनले. भेटाय बी येऊ नगा, म्हनले." त्यांनी कुंपणाची एक वाकडी काठी सरळ केली. "साखरबाई लई बोलली. मी म्हनलं, शिकल्याली मानसं. त्यांचं येगळं असतं."

 हा रिवाज मला ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. आमच्याही घरातून एके काळी वाट्या जात-येत; पण तो विभाग माझ्याकडे नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्या गेल्यापासून घरात बाहेरचे भांडे आलेले नाही. कारणांची यादी करताना मी उशीर हे न येण्याचे लक्षण मानले. वास्तविक उशीर म्हणजे काकवी गाळायची होती, कुरडया वाळायच्या होत्या. पदार्थ तयार व्हायला वेळ लागतो, हे ज्याने जन्मभर लिहून ठेवले त्याने त्याचा हिशेब धरला नव्हता.

"आता परत सूचना लावतो," मी म्हणालो.

"काय लिवनार? भरून द्या म्हनून?"

त्यावर मला मसुदा सुचेना. बापूसाहेबांनाही सुचला नाही. तेवढ्यात अध्यक्षांना घरातून जेवायला हाक आली.

दुसऱ्या दिवशी मोजणी केली तेव्हा एक बाटली कमी भरली. ती प्रयागबाईंची. उन्हे कलल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ओढ्यापलीकडे उसाच्या कडेला त्यांचे छपराचे घर आहे. त्या दारात लिंबे पुशीत बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या आणि पदराने खाट झाडू लागल्या.

"बसा, सायब. तुमी कशाला आला येवढ्या लांब? मीच येनार व्हती."

"गिरणीवर सूचना लावली होती, प्रयागबाई. तुम्ही वाचली नाहीत?"

"मला कुठं वाचाय येतं?" त्या हसल्या. "गेणबा काय तरी सांगत व्हता, बाटलीचं. मी म्हनलं, बाटली मला म्हाईत हाय."

त्या आत गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. आत लिंबाच्या फोडी होत्या, मीठ, तिखट; तोंडाला फडके बांधलेले.

"लोनचं घातलंय. पर आजून मुरलं न्हाय. कच्चं कसं द्यायचं मानसाला? आखाडापतुर मुरंल. मग येती घिऊन." त्यांनी बाटली उजेडाकडे धरून हलवली, कवठ कानाशी धरून हलवत तशी. "तुमी खाता न्हवं, तिखट?"

केंद्राला ती बाटली आंब्यासाठी हवी होती. दुसऱ्या भांड्यात लोणचे काढून घ्या, बाटली द्या, एवढेच मला म्हणायचे होते. वाक्य पूर्ण तयार होते.

"खातो," मी म्हणालो.

"आन् घरी असता न्हवं दुपारचं? न्हायतर यायचं येवढ्या लांब आन् कुलूप."

"असतो. घरीच असतो."

त्यांनी बाटली परत आत नेऊन ठेवली. मला ताक दिले. मेंढरे होती तेव्हाच्या दुधाविषयी त्या पुष्कळ बोलल्या आणि त्यातले निम्मे मला पटले नाही, तरी मी अंधार पडेपर्यंत बसलो.

दोन दिवसांनी गेणबाच्या टेम्पोतून मी बाटल्या घेऊन इंदापूरला गेलो. या खेपेला मागे फक्त खोकी होती. विजयसिंहाने बाटल्या मोजून घेतल्या, उजेडात धरून पाहिल्या, आणि एवढी स्वच्छ परतफेड आजवर कोणत्याही गटाने केली नसल्याचे सांगितले. इतर गटांपुढे सांगवीचे उदाहरण ठेवीन, असेही म्हणाला.

"एक कमी दिसतीय, साहेब."

"हो. एक कमी आहे."

"मिळंल का? न्हाय, म्हंजे थांबतो मी, दोन-चार दिवस."

बाहेर गेणबा हॉर्न वाजवत होता. विजयसिंह पेन उघडून माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

"फुटली," मी म्हणालो.